पालघट कागदावर येते का?

तलासरीच्या कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयात एखादी वारली मुलगी ‘आर्ट्स’ला जाते, म्हणजे भाषा, इतिहास असे विषय घेते. तिचा भाऊ कराटे शिकत असेल तर ते ‘मार्शल आर्ट’. डहाणू तालुक्यातल्या गंजाडला मुंबईची माणसं गाडी घेऊन येतात ती ‘वारली आर्ट’ विकत घ्यायला. एकच शब्द तीन कामांना वापरला जातो आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. अडतं ते लग्नघरात. तिथल्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकालाही हाच शब्द लावला, की एक जुना प्रश्न उभा राहतो. त्या चौकात पालघट देवी बसलेली असते. तिला ‘आर्ट’ म्हटल्यावर ती तिथेच राहते का?

आधी चौक नीट पाहायला हवा. घर कुडाचं, कारवीच्या काठ्यांचं, शेणमातीने लिंपलेलं. लग्नाआधी आतली भिंत पुन्हा सारवून तिच्यावर गेरूचा हात दिला जातो. तांदूळ वाटून पाण्यात कालवतात. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. मग सवासिनी मिळून चौकट आखतात. साखळ्यांच्या आणि त्रिकोणांच्या पट्ट्या एकीत एक बसत जातात आणि मध्ये पालघट येते. भोवती चंद्र, सूर्य, शिडी, फणी आणि घोड्यावर नवरानवरी. शेजारच्या छोट्या देवचौकात पाचशिऱ्या असतो. त्याला डोकं नसतं, मानेतून धान्याची कणसं फुटलेली असतात. हे सगळं होत असताना धवलेरी गात असते. वारल्यांचं लग्न तीच लावते. भगत नारनदेव, हिरवा, हिमाय या देवांना हाक मारतो. चौक नसेल तर लग्न लागत नाही.

या वर्णनात चौक चांगला आला की वाईट, हा प्रश्नच नाही. रेघ थोडी वाकडी गेली म्हणून पालघट रुसत नाही. काढणारीचा हात किती कसलेला आहे, यापेक्षा ती सवाशीण आहे ना, हे आधी पाहिलं जातं. चौकाखाली कुणी नाव घालत नाही. पुढच्या वर्षीच्या सारवणाखाली तो गेला, तर कुणी हळहळतही नाही.

इंग्रजीतही ‘आर्ट’ म्हणजे पहिल्यापासून भिंतीवरचं चित्र नव्हतं. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ कौशल्य. चांभाराचं, वैद्याचं, वक्त्याचंही. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधला प्रॉस्पेरो स्वतःच्या जादूलाच ‘आर्ट’ म्हणतो. वादळ उठवणारी, भुतंखेतं कामाला लावणारी विद्या ती. त्या काळातल्या लंडनच्या माणसाला भगताचं काम समजावून सांगणं बहुधा फारसं अवघड गेलं नसतं. पुढे अठराव्या शतकात चित्र, शिल्प, संगीत, काव्य यांची वेगळी जात पाडली गेली. फ्रान्समध्ये शार्ल बाताने १७४६ साली ‘ललित कलां’वर पुस्तक लिहिलं. १७९० मध्ये कांटने मांडलं की सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो. वस्तूचा उपयोग काय, ती आपल्याला हवी आहे का, असल्या गोष्टींशी त्याचं देणंघेणं नसतं. डहाणूत पोचला तो शब्दाचा हा धाकटा, निवडक अर्थ. चौक तर अपेक्षांनी काठोकाठ भरलेला: पोर व्हावं, भात पिकावा, घर नांदावं.

हा अर्थ तिथे पोचला कसा, हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या आयुष्यात दिसतं. त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणीच आई गेली. मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत बोटाने चित्रं काढू लागला. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात स्थिरावले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. चौक काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला आणि त्याच शोधात त्यांना म्हशे भेटले. बायकांचं मानलेलं काम करणारा हा पुरुष सणासमारंभाची वाट न पाहता, मनात येईल तेव्हा चित्र काढत होता. मासेमारीचं जाळं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, मळणी असं सगळं त्यांच्या कागदावर आलं. १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याने १९३६ सालच्या निबंधात कलावस्तूच्या दोन मोलांचा भेद केला होता: एक पूजेचं मोल, दुसरं प्रदर्शनाचं. पूजेच्या मूर्तीचं असणं महत्त्वाचं, दिसणं नव्हे. म्हणून तर ती गाभाऱ्याच्या अंधारात चालते. चौकही असाच घराच्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर असतो. मात्र बेंजामिनच्या मांडणीत काळाबरोबर पहिलं मोल मागे पडतं आणि दुसरं पुढे येतं. डहाणूत तसं सरळ घडलेलं नाही. तिथे दोन्ही मोलं एकाच पाड्यात, कधी एकाच घरात, शेजारी शेजारी राहतात.

हे कसं जमतं, ते मराठी वाचकाला बेंजामिनपेक्षा पेणचे गणपती चांगलं सांगतील. कारखान्यात मूर्तीची घासाघीस होते, ती टेम्पोत भरली जाते, कुणाला त्यात पाप वाटत नाही. घरी आणून प्राणप्रतिष्ठा केली की तिच्याशी बोलण्याची रीत बदलते. उत्तरपूजेच्या अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की पुन्हा माती. देवपण मातीत नाही, बोलावण्यात आहे. हाच न्याय लावला तर गंजाडच्या कागदावरची पालघट विकणं म्हणजे देवी विकणं नव्हे. तिथे धवलेरी गायली नाही, भगताने हाक दिली नाही. देवीला आमंत्रणच गेलेलं नाही.

तरीही पाचशिऱ्या चहाच्या कपावर छापलेला पाहिला की काहीतरी खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. आमंत्रण नसलं म्हणून कुणाचाही चेहरा कुठेही चिकटवावा असं होत नाही. त्यातही कप छापणाऱ्याला तो कोण हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ते एक ‘मोटिफ’ असतं.

बाजाराने चौकाकडून फक्त घेतलंच, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. विधीचं दार सवासिनीपुरतं उघडं होतं. नवरा गेलेल्या बाईला, लग्न न झालेल्या मुलीला तिथे काडी हातात मिळत नव्हती. कागदाने ‘सवाशीण आहेस का’ असं विचारलं नाही. पण त्याच कागदावर नाव आणि पैसा आला तेव्हा पुढे बहुतेक पुरुष झाले, हेही खरं. बायकांनी सांभाळलेली रेघ जगापुढे गेली ती पुरुषांच्या सह्या घेऊन.

२०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी धडपड केली आणि ती योग्यच होती. नक्कल करणाऱ्या कारखान्यांपुढे पाड्यावरच्या चित्रकाराला काहीतरी आधार हवाच. पण ज्या कायद्याने हे मानांकन मिळतं, तो १९९९ चा कायदा ‘वस्तूं’चा आहे. त्याच्या फॉर्मात प्रदेश लिहिता येतो, रंग, पीठ, काडी लिहिता येते. धवलेरीचं गाणं लिहायला जागा नाही, कारण गाणं झालं की संपतं, ते खोक्यात भरून पाठवता येत नाही.

लग्न लावायला मात्र तेच लागतं. आज वारली चित्रांच्या कार्यशाळा शाळाशाळांतून होतात, शहरातली मुलं दोन तासांत त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस काढायला शिकतात. धवलेरी व्हायला जाणत्या धवलेरीमागे लग्नामागून लग्नं उभं राहावं लागतं आणि लांबलचक गाणी मुखोद्गत करावी लागतात. चित्रकाराला मानधन, प्रवासखर्च, शाल देणाऱ्या खात्यांनी तेवढंच धवलेरीलाही द्यावं. तिच्याकडून शिकायला बसणाऱ्या मुलींना विद्यावेतन द्यावं. गाणी ध्वनिमुद्रित करायची असतील तर तिला विचारून, आणि कुठली गाणी लग्नाबाहेर गायची नाहीत हे ठरवण्याचा हक्क तिच्याकडेच ठेवून.