नानांची सावड

कानंद खोऱ्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत नाना राहतात. थोडी भातखाचरं, दोन म्हशी आणि पुण्यात पत्र्याच्या कामावर असलेला मुलगा. 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत काम थांबलं, तसा मे महिन्यात मुलगा बायकापोरं घेऊन गावाकडं निघाला. वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर बोरीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. त्या वरच्या आळीच्या तात्यांनी टाकल्या होत्या. तात्या काही वाईट माणूस नव्हे. घरात दम्याची म्हातारी आई, आणि टीव्हीवर रोज पुण्याचे आकडे. मुलानं वाद घातला नाही. चौदा दिवस त्यानं झेडपीच्या शाळेत काढले. नाना डबा पायरीवर ठेवून मागं सरायचे, नातू खिडकीतून हाका मारायचा.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून या खोऱ्यातही घुसलं. पत्रे उडाले, कौलं फुटली, पाऊस थेट चुलीवर. शहरातून मिस्त्री आणायची सोय नव्हती. नानांचा मुलगा शिडी लावून एकेका घरावर चढला. तात्यांच्या आईच्या खोलीवरचे पत्रे त्यानं सगळ्यांत आधी बसवले, कारण म्हातारीला ओल सोसणार नव्हती. पैसे त्यानं कोणाकडंच मागितले नाहीत.

पुढं कामं सुरू झाली म्हणून तो पुण्याला गेला, आणि 13 जुलैपासून तिथं पुन्हा टाळेबंदी लागणार म्हटल्यावर परत आला. चार दिवसांनी ताप. तपासणीत पॉझिटिव्ह निघाला, 108 ची गाडी त्याला कोविड सेंटरला घेऊन गेली. घरातल्या बाकीच्यांच्या हातांवर विलगीकरणाचे शिक्के पडले. चौदा दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही.

इकडं इंद्रायणीचं रोप महिन्याचं होऊन गेलेलं. रोप वीस-पंचवीस दिवसांचं असताना लावणी झाली तर फुटवे चांगले येतात; रोप जून झालं की ते कमी येतात. आणखी चौदा दिवस म्हणजे वर्षाचं भात गेलं.

या भागात लावणी सावडीनं होते. आज तुम्ही माझ्यात आलात, उद्या मी तुमच्यात. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. कागदावर काही नसतं, पण हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असतो, आणि तो फिटतो म्हणूनच मदत घेणाऱ्याची मान ताठ राहते. नानांच्या घराला त्या वर्षी कोणाचाच दिवस फेडता येणार नव्हता. त्यात ते आजाराचं घर. देवळापुढं लांब लांब बसून बोलणं झालं. बरेच जण कचरत होते. शेवटी एक म्हातारी आत्या म्हणाली, ‘‘आजार घरात हाय. रोपाला कुठं झालाय?’’

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला नाना पडवीत आले, तर समोरच्या खाचरात माणसंच माणसं. कोणी रोप उपटतंय, कोणी चिखलणी करतंय. मुसळधार पाऊस, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, तोंडाला टॉवेल गुंडाळलेले, पाठी वाकलेल्या. आशाताईही ताप तपासायची फेरी उरकून तासभर चिखलात उतरल्या होत्या, हे नानांना फार उशिरा कळलं. कोण कोण आलंय ते ओळखू येईना. नाना हाका मारत राहिले, पावसात त्या कोणाच्या कानापर्यंत गेल्या नाहीत. अंधार पडायच्या आत सगळी लावणी झाली.

मुलगा बरा होऊन आला, शिक्के पुसले गेले, तसे नाना घरोघर फिरले. ‘‘माझ्याकडं तुमचे किती दिवस?’’ कोणी सांगेना. ‘‘पोरानं पत्रे ठोकले तवा मोजले व्हते का?’’ एवढंच उत्तर मिळायचं. नानांना रात्रीची झोप येईना. मला त्यांची ती तगमग फार मोलाची वाटते. उपकार विसरायला सोपे असतात, आणि विसरणाऱ्याला कोणी बोलही लावला नसता.

ऑक्टोबरच्या मध्यावर जोराचा पाऊस आला आणि कापणीला आलेलं भात आडवं झालं. सगळ्यांचीच घाई. नाना आणि मुलगा विळे घेऊन निघाले, एका टोकापासून सुरुवात केली आणि एकही घर गाळायचं नाही असं ठरवलं.

असं करत एका सकाळी ते तात्यांच्या खाचरात उतरले. तात्या बांधावर उभेच राहिले. मग खाली आले, मुलाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘‘नाना, त्या दिवशी मी आलो न्हवतो. आईपायी भ्यालो व्हतो.’’

‘‘पावसात मला काय दिसत व्हतं?’’ नाना वाकलेलेच होते. ‘‘पेंढ्या बांधायला बंद आणलेत का तेवढं सांग. दुपारच्याला पुन्हा आभाळ भरणार हाय.’’