अनामत ही अमानतच आहे




लग्नसराई जवळ आली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा असो की परंडा, कळंब असो की नळदुर्ग, निकाहची तारीख ठरताच घरातून तीन-चार ठिकाणी पैसे रवाना होतात. शादीखान्याला काही, बावर्चीला काही, मंडपवाल्याला आणि गाडीवाल्याला काही. या रकमेला कोणी बयाना म्हणतो, कोणी इसार, तर कोणी ॲडव्हान्स. पावतीवर मात्र बहुधा एकच शब्द छापलेला असतो : अनामत.

हा शब्द मराठीत कोठून आला? आपण ज्याला ‘अमानत’ म्हणतो त्याच अरबी शब्दाचे हे मराठी रूप आहे. अक्षरांची अदलाबदल झाली, अर्थ मात्र तोच राहिला : दुसऱ्याची वस्तू, जी आपल्याकडे विश्वासाने ठेवली आहे. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत ५८) अल्लाह आज्ञा देतो की अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचवा. ज्या कागदावर आपण ‘अनामत’ असे छापतो, त्याच कागदाच्या तळाशी ‘रक्कम परत मिळणार नाही’ असेही छापतो. या दोन ओळींचा मेळ कसा बसतो, याचा विचार आज आपणांसोबत करावयाचा आहे. त्याची सुरुवात मी स्वतःच्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मशिदीत इमामत करीत होतो, त्या जमातीचा स्वतःचा शादीखाना होता. त्याच्या भाड्यातून मशिदीचे वीजबिल भरले जाई, मक्तबच्या मुलांची पुस्तके येत आणि माझे वेतनही त्यातूनच निघे. एका मजूर कुटुंबाने मुलीच्या निकाहसाठी तो ठरवला आणि १०,००० रुपये भरले. निकाहला नऊ दिवस उरले असताना मुलीचे वडील अचानक अल्लाहला प्यारे झाले. घरात मातम, आई इद्दतमध्ये. निकाह पुढे ढकलला गेला. चौथ्या दिवशी मुलीचा भाऊ पावती घेऊन आला. जबाबदारांनी पावतीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले : भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही. त्या मुलाने ती ओळ वाचली, पावतीची घडी घातली आणि सलाम करून तो निघून गेला.

मी तेथेच बसलो होतो. मी काहीच बोललो नाही. पैसे अखेर मशिदीच्याच कामी येणार आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे त्याच तारखेला दुसऱ्या कुटुंबाने तो शादीखाना घेतला आणि पूर्ण भाडे भरले. म्हणजे जमातीचे एका रुपयाचेही नुकसान झाले नव्हते. उलट एका दिवसाचे भाडे आणि वर एका यतीम मुलीचे १०,००० रुपये जमातीच्या खात्यात जमा झाले होते. महिनाअखेरीस माझे वेतन त्याच खात्यातून आले.

काही महिन्यांनी एका विद्यार्थ्याला शिकवताना ‘हिदाया’ उघडला. हनफी फिकहचा हा ग्रंथ इमाम मरगीनानी यांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला आणि आजही आपल्या मदरशांत तो शिकवला जातो. त्यातील इजारा, म्हणजे भाडे व मजुरीच्या करारांच्या प्रकरणात, सबळ कारण उद्भवल्यास करार मोडता येतो असे सांगून दोन उदाहरणे दिली आहेत. एकाचा दात दुखत होता, त्याने दात उपटण्यासाठी माणूस ठरवला आणि दुखणे थांबले. दुसऱ्याने वलीम्याच्या जेवणासाठी आचारी ठरवला आणि त्याआधीच पत्नीने खुला घेतला. ज्या कारणासाठी करार केला ते कारणच उरले नाही, म्हणून दोन्ही करार संपुष्टात येतात.

वलीमा आणि आचारी! हा मजकूर मी मदरशात परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि तोच प्रसंग डोळ्यांसमोर घडला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याच रात्री मी जबाबदारांकडे गेलो. प्रारंभी नाराजी झाली. ‘नियम सर्वांना सारखा’ असे उत्तर मिळाले. दोन-तीन बैठका झाल्या. अखेर अल्लाहने अंतःकरणे वळवली, रक्कम परत करण्याचे ठरले आणि पावतीची ती ओळही बदलली. मी स्वतः पैसे घेऊन त्या घरी गेलो. तो मुलगा एवढेच म्हणाला, “मौलाना, पैसे आले, अल्लाहचा शुक्र. पण त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असता, तर अम्मीला एवढं वाईट वाटलं नसतं.” त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बंधू-भगिनींनो, आता शरीअत याविषयी काय सांगते ते पाहू. सौदा पक्का करण्यासाठी दिलेल्या आणि सौदा फिसकटल्यास बुडणाऱ्या रकमेला अरबीत ‘उरबून’ म्हणतात. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये अशा व्यवहारास मनाई केल्याची हदीस आलेली आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसीनांनी चर्चा केली आहे. तरीही हनफी, मालिकी आणि शाफई या तिन्ही मतप्रणालींनी उरबूनचा सौदा नाजायज मानला. मोबदल्यात काहीच न देता दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणे, हे सूरह निसाच्या २९व्या आयतीत निषिद्ध ठरवलेल्या नाहक मार्गात मोडते, असे त्यांचे म्हणणे आहे.

इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी मात्र त्यास परवानगी दिली. त्यांच्यापुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग होता. नाफे बिन अब्दुल हारिस यांनी मक्केत तुरुंगासाठी सफवान बिन उमय्या यांचे घर विकत घेतले. अट अशी होती की हजरत उमर (रजि.) यांना सौदा पसंत पडला तर तो पक्का, नाहीतर सफवान यांना ठराविक रक्कम मिळेल. पुढे १९९३ मध्ये ब्रुनेई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही एका अटीवर ही मुभा मान्य केली. ती अट म्हणजे वाट पाहण्याची मुदत आधी निश्चित केलेली असावी.

येथे मी फतवा देत नाही. आपापल्या प्रसंगी विश्वासू मुफ्तींना विचारावे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांनी मुभा दिली त्यांनीही ती मोकळी सोडलेली नाही. उघड अट आणि निश्चित मुदत यांनी ती बांधलेली आहे. ‘कोणत्याही कारणास्तव नाही’ या शब्दांत मुदतही नाही आणि माणसाच्या दुःखाला जागाही नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याहूनही पुढे जाते. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे : तुम्ही आपल्या भावाला फळे विकली आणि त्यांच्यावर आपत्ती कोसळली, तर त्याच्याकडून काही घेणे तुम्हांस वैध नाही. आपल्या भावाचा माल कोणत्या हक्काने घेणार? गारपिटीने एका रात्रीत द्राक्षबाग झोपलेली ज्यांनी पाहिली आहे, त्या आपल्या भागातील शेतकऱ्याला आणि बागवानाला या हदीसचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपत्ती कोणाच्या परवानगीने येत नाही. मग तिचा सगळा भार एकाच्याच खांद्यावर का?

दुसरी शिकवण ‘इकाला’ची आहे. सौदा झाल्यावर समोरच्याला पश्चात्ताप झाला, किंवा अडचण आली, आणि आपण राजीखुशीने सौदा मागे घेतला, तर त्यास इकाला म्हणतात. जो असे करील त्याची चूक अल्लाह कियामतच्या दिवशी माफ करील, अशी खुशखबर अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आली आहे. विचार करा, त्या दिवशी आपण सारेच आपला सौदा मागे घेतला जावा म्हणून याचना करीत उभे असू.

२०२० साल आपण विसरलो नसू. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि पुढे लग्नास ५० माणसांची मर्यादा आली. ठरलेले कितीतरी निकाह घराच्या ओसरीवर, चार माणसांत पार पडले. शादीखान्यांत आणि मंडपवाल्यांकडे पैसे अडकलेली घरे आपल्या आसपास होतीच. त्याच वर्षी हज्ज यात्रेचे काय झाले तेही आठवावे. भारतातून यात्रेकरू जाणार नाहीत, हे २३ जून २०२० रोजी जाहीर झाले. दोन लाख तेरा हजारांहून अधिक अर्जदार होते. त्यांनी भरलेली संपूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, थेट बँक खात्यात परत करण्याचा निर्णय त्याच वेळी घोषित झाला. दोन लाखांवर लोकांच्या बाबतीत जे शक्य झाले, ते एका शादीखान्याच्या एका पावतीबाबत अशक्य असते काय?

हज्जवरून मिना आठवते. लाखो माणसे तंबूंत मुक्काम करतात, अशी ती जगातील सर्वांत मोठी छावणी. तेथे आपल्यासाठी सावलीची जागा बांधावी काय, असे प्रेषित (स.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि मिना ही जो आधी पोहोचेल त्याची उतरण्याची जागा असल्याचे सांगितले. आज गर्दीमुळे तेथील तंबूंचीही व्यवस्था आणि नोंदणी करावी लागते. आपली मुले सुट्टीत किल्ल्यांच्या वा तलावांच्या काठी तंबूत राहायला जातात, तेव्हा मोबाइलवर एका खुणेसरशी ‘विनापरतावा’ ही अट मान्य करून टाकतात. नोंदणी करण्यात दोष नाही. मात्र अट वाचल्याखेरीज होकार देणे हे दुर्लक्ष आहे, आणि ती मुद्दाम बारीक अक्षरांत दडवणे हा धोका आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. अन्याय नेहमी हॉलवाल्याकडूनच होतो असे नाही. आपल्यातील काही जण एकाच तारखेसाठी दोन शादीखाने अडवून ठेवतात आणि मर्जी बदलली की एकाला आदल्या आठवड्यात नकार कळवतात. काही जण बावर्चीला पाच देगांचे काम देतात, आणि मेहुण्याने स्वस्तातला आचारी सुचवला की फोन उचलायचे बंद करतात. त्या बावर्चीने तुमच्यासाठी दुसरे काम सोडलेले असते. दोन मदतनीसांना त्याने शब्द दिलेला असतो. मसाला भरला असेल, तर तो उधारीवर. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीतील करार पाळण्याची आज्ञा ग्राहकालाही तितकीच लागू आहे. दिलेला शब्द मोडणे ही हदीसमध्ये मुनाफिकाची एक खूण सांगितली आहे. स्वतः हानी करू नये आणि हानीच्या बदल्यात हानीही करू नये, हे प्रेषितवचन दोन्ही बाजूंना एकाच वेळी बांधते. विनाकारण माघार घेणाऱ्याने बावर्चीचे झालेले खरे नुकसान भरून द्यावे, आणि ते न मागता द्यावे.

म्हणून सारा प्रश्न ‘खऱ्या नुकसाना’पाशी येऊन थांबतो. देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने लष्कराला बटाटे, अंडी, मासे पुरवण्याचे करार केले होते आणि १०,००० व ८,५०० रुपये अनामत भरली होती. त्याच्याकडून पुरवठा झाला नाही, म्हणून सरकारने अनामत जप्त केली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती अमान्य केली, कारण सरकारने आपले नुकसान सिद्ध केले नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला अनुचित करार म्हटले आहे, आणि १८७२ च्या करार कायद्यात अशक्य झालेल्या कराराखाली मिळालेला लाभ परत करण्याचे कलम आहे. परंतु मोमिनाने कायद्याचा धाक पडण्याची वाट का पाहावी? त्याचा हिशेब तर त्याहून मोठ्या अदालतीत व्हायचा आहे.

व्यवहारात आपण एवढे तरी करावे :

पहिले, सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. पावतीवर रक्कम, तारीख आणि रद्द करण्याची मुदत स्पष्ट मराठीत लिहावी. समोरच्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी.

दुसरे, मृत्यू, गंभीर आजार, नैसर्गिक आपत्ती वा सरकारी बंदी आल्यास प्रत्यक्ष झालेला खर्च वगळून सर्व रक्कम परत करावी.

तिसरे, त्याच तारखेला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, तर पहिल्याची रक्कम ठेवण्याचे कारणच उरत नाही.

चौथे, माघार घ्यायची असेल तर ज्या दिवशी ठरले त्याच दिवशी कळवावे. आपला एक फोन दुसऱ्याची रोजी वाचवतो.

पाचवे, आणि हे विशेषकरून आम्हा इमामांसाठी व मशिदीच्या जबाबदारांसाठी : जमातीच्या शादीखान्याची पावती आधी तपासावी. अल्लाह पवित्र आहे आणि तो पवित्र तेच स्वीकारतो. नाराजीने सोडलेल्या पैशाने अल्लाहच्या घरातील दिवा लावू नये.

या महिन्यात आपल्या घरी, दुकानात वा संस्थेत एखादी जुनी पावती पडून असेल, जिचे पैसे द्यायचे राहून गेले आहेत, तर ती शोधून काढा. माणूस हयात असेल तर त्याला द्या, नसेल तर त्याच्या वारसांना द्या. दहा रुपये असोत की दहा हजार, ती अमानत आहे.

हे अल्लाह, आमच्या कमाईला हलाल ठेव. आमच्या हाती असलेल्या अमानती हक्कदारांपर्यंत पोहोचविण्याची आम्हांला सद्बुद्धी दे. जेथे बोलायला हवे तेथे आम्ही गप्प बसलो असू, तर आम्हांला क्षमा कर, आणि पुढच्या वेळी सत्य बोलण्याचे बळ दे. आमीन.