मीटरवर ४०, रस्त्यावर ४९

आमची पिकअप गोंदियाच्या राइस मिलमध्ये धान पोहोचवायची. दोन वर्षांपूर्वी तिचा मागचा अ‍ॅक्सल गेला. त्या मॉडेलचा माल मिळेना, म्हणून मेकॅनिकने पुढच्या पिढीतल्या भंगार गाडीचा अख्खा अ‍ॅक्सल आणला. पाट्यांची बैठक कापून नव्याने वेल्ड केली, शाफ्टचा फ्लँज बदलला, ब्रेकचे पाइप जुळवले. गाडी धावू लागली.

परवा ती विकायला काढली, तेव्हा मी हिशोब केला. जुन्या क्राउनला ४१ दात, पिनियनला ९. नव्यात ४१ आणि ११. म्हणजे शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं आता १.२२ पट फिरतात. दरेकसाच्या चढावर गाडी का दमते, ते कळलं. पण मीटरची केबल निघते गिअरबॉक्समधून; मागे काय बदललं, याचा तिला पत्ताच नाही. काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४९ ने धावत असते. दोन वर्षांत मीटरवर १८,००० किलोमीटर पडले. गाडी धावली २२,०००.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यानं विचारलं नाही, मग आपण कायले सांगाव?"

'मिलिंदप्रश्ना'त भिक्खू नागसेन राजाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही म्हणत जातो. शेवटी ठरतं की रथ हे सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. आरसी बुक मात्र चेसिस नंबर बघतं. नंबर तोच, म्हणून गाडी तीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं घातलीत, ती उगाच नाहीत. घेणारा नाव बघून पैसे मोजतो, आणि जुळणी आपण बदललेली असते.

आमच्या कोडमध्येही हेच होतं. नवा भाग जुन्यात बसतो, एरर येत नाही, म्हणून सगळे खूश. पण कुठेतरी एक ओळ अजून जुनाच आकडा धरून बसलेली असते. बसलं म्हणजे जुळलं, असं नाही. आणि जुळलेलं नाही हे ज्याला माहीत आहे, त्याचं गप्प राहणं हे निव्वळ गप्प राहणं उरत नाही. काट्याचं खोटं मग त्याचं होतं.

मी घेणाऱ्याला सगळं सांगितलं. त्याने १५,००० रुपये कमी केले. ते मी बाबांना दिले, तरी ते दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचंही चुकत नव्हतं. माझा पगार पुण्यातून येतो. खरं बोलणं मला स्वस्तात पडतं. ज्याचं घरच त्या गाडीवर चालतं, त्याला ते केवढ्याला पडतं, हा हिशोब मला अजून जमलेला नाही.