त्या काळी तसंच होतं

घरात जुन्या गोष्टी निघाल्या की एक वाक्य हमखास येतं. पणजीचं लग्न नवव्या वर्षी झालं, गड्याची कपबशी गोठ्यात वेगळी ठेवलेली असायची, विधवा आत्या सणाच्या पंगतीत बसत नसे. ऐकणारं पोर ‘असं का?’ विचारतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘अरे, त्या काळी तसंच होतं.’ मग विषय बदलतो. हे वाक्य उत्तरासारखं ऐकू येतं, पण ते खरंच उत्तर आहे का?

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्यांना हेच वाक्य जरा सुटाबुटात भेटतं. मुलुंडहून लोकल पकडणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलमध्ये त्याची पीडीएफ असते : एलिझाबेथन, रेस्टोरेशन, रोमँटिक, व्हिक्टोरियन, मॉडर्न. प्रत्येक नावापुढे सनावळी आणि खाली ‘पार्श्वभूमी’ नावाचा परिच्छेद. त्या काळी राजकारण असं होतं, धर्म असा होता, लोक असा विचार करत. परीक्षेला एवढं पुरतं.

तक्ता उपयोगी आहे, यात वाद नाही. तो नसेल तर तीन-चारशे वर्षांच्या पुस्तकांचा ढीग तेवढा समोर उरेल. पण त्यातली नावं नीट पाहा. एक कालखंड राणीच्या नावाचा, दुसरा राजा गादीवर परतला त्या घटनेचा, तिसरा एका वृत्तीचा. मोजपट्टी दर वेळी वेगळी. शिवाय ही नावं बहुतेकदा मागून आलेल्यांनी दिलेली. वर्ड्‌सवर्थ स्वतःला ‘रोमँटिक’ म्हणवत नव्हता. ते लेबल नंतरच्या लोकांनी चिकटवलं.

आता तीच सनावळी मुलुंडमध्ये उभं राहून वाचा. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला आणि १६४२ पासून बंद असलेली नाट्यगृहं उघडली. हा रेस्टोरेशनचा आरंभ. याच चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी मुंबई बेट आंदण दिलं आणि १६६८ मध्ये त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. म्हणजे मुंबई शहर स्वतःच रेस्टोरेशनच्या पार्श्वभूमीत बसतं. मुलुंड मात्र बसत नाही. ते साष्टी बेटावर, आणि साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. पुढे लंडनमध्ये अलेक्झांडर पोप लिहीत होता, तेव्हा १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी जिंकली. इंग्रज तिथे पोचले १७७४ मध्ये. माहीमच्या खाडीच्या एका काठाला एक राज्य, दुसऱ्या काठाला दुसरं. साल तेच, काळ वेगळा.

मग ‘त्या काळी’ म्हणजे नेमक्या कुणाच्या काळी?

खाडी ओलांडली की काळ बदलतो, हे एक वेळ भूगोलाचं कौतुक म्हणून सोडून देता येईल. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच छापखान्याच्या शाईत दोन काळ नांदत असतील तर? व्हिक्टोरियन कालखंड घ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती मुलुंडच्याच जमिनीवरून. परिच्छेदात हे ‘प्रगतीवर विश्वास’ या मुद्द्याखाली येतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहीत होती आणि आम्हाला वेद वाचायचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असं विचारत होती. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आलं; फुल्यांनी ते अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. हे सगळं त्याच काळी, म्हणजे गड्याची कपबशी गोठ्यात होती तेव्हाच.

‘त्या काळी तसंच होतं’ या वाक्यात गफलत आहे ती ‘तसंच’ या शब्दातल्या ‘च’ची. त्या काळी तसं होतं, हे खरं. तसंच होतं, हे खोटं. त्या एका ‘च’खाली मुक्ता साळवे गाडली जाते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येकानं फुले व्हायला हवं होतं का? माणूस ज्या घरात जन्मतो, जी भाषा ऐकतो, त्यातूनच विचार करायला शिकतो. आजचा चष्मा लावून दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला झापणं सोपं आणि थोडं भेकडपणाचंही आहे, कारण तो उलट बोलू शकत नाही. हे मान्य. पण पार्श्वभूमी समजून घेणं एक आणि तिच्या आधारे निर्दोष सोडणं दुसरं. या दोन्हींमधली रेघ कुठे ओढायची?

मला एक कसोटी उपयोगी वाटते : त्या माणसाच्या कानावर, त्याच्याच हयातीत, दुसरी बाजू आली होती का?

ही कसोटी मेकॉलेला लावून पाहू. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या दोन वर्षं आधी, १८३५ मध्ये, त्यानं हिंदुस्थानातल्या शिक्षणावरचं ते गाजलेलं टिपण लिहिलं. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, हे त्यात तो स्वतःच कबूल करतो आणि तरीही त्या भाषांतल्या ग्रंथांची किंमत ठरवून मोकळा होतो. हेन्री थॉबी प्रिन्सेपसारख्या त्याच्याच बरोबरीच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याला तिथल्या तिथे विरोध नोंदवला. न वाचता निकाल देणं हा त्या युगाचा दोष नव्हता, तो मेकॉलेचा होता. जॉन स्टुअर्ट मिलही पाहा. १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिताना त्यानं ‘मागासलेल्या’ समाजांना त्यातून वगळलं. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानचे कागद रोज टेबलावर येणाऱ्या माणसाला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही.

पण हीच कसोटी उलट्या बाजूनेही प्रामाणिक ठेवते. मेकॉलेनंच मसुदा केलेल्या दंडसंहितेत गुन्ह्याची शिक्षा जातीवर ठरत नव्हती. ज्या इंग्रजी शिक्षणाचा त्यानं आग्रह धरला, त्याचं सावित्रीबाईंनी स्वागत केलं. पार्श्वभूमी अभ्यासायची ती यासाठी. तिच्यामुळे निवाडा सौम्य होईलच असं नाही, पण तो बारीक होतो. ‘तो काळच तसा’ याऐवजी ‘या माणसानं हे केलं, ते केलं नाही’ असं बोलता येतं.

कसोटी तक्ते आखणाऱ्यांनाही लागू पडते. आपल्याकडे आधुनिक मराठी कवितेची रेघ साधारणपणे १८८५ पासून, केशवसुतांपासून ओढतात. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. केशवसुत मोठे कवी, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण रेघ अमुक ठिकाणी ओढली की अलीकडचे ‘युग’ होतात आणि पलीकडचे ‘पार्श्वभूमी’. कुणाला पार्श्वभूमीत ढकलायचं, हे रेघ ओढणारा ठरवतो, आणि त्याचाही जाब असतो.

उद्या आपल्या काळालाही कुणीतरी नाव देईल. आपल्याला ते कळणार नाही, जसं वर्ड्‌सवर्थला कळलं नाही. पार्श्वभूमीच्या परिच्छेदात काय असेल, याचा अंदाज मात्र करता येतो : टॉवरमध्ये कामवाल्या बाईंची लिफ्ट वेगळी असे. त्यांचा चहाचा कप वेगळा असे. गटार तुंबलं की माणूस आत उतरवत; २०१३ चा कायदा त्याला बंदी घालत होता, तरीही उतरवत. आणि परिच्छेदाखाली कुणीतरी समजूतदारपणे लिहील की त्या काळी तसंच होतं.

तेव्हा आपली बाजू मांडायला आपण नसू. पण कसोटी आजच लावून बघता येते. दुसरी बाजू आपल्या कानावर आली आहे का? बातम्या आपल्या फोनवर येतात, कायदा छापलेला आहे, आणि कप वेगळा का, हे कामवाल्या बाईंच्या मुलीनं एखाद्या घरात विचारूनही झालं असेल. ती आजची मुक्ता साळवे आहे. तिचा निबंध कुठे छापून येतो आणि तो कोण वाचतं, हे ठरायचं आहे. तो काळ अजून चालू आहे.