आधी ताट, मग तास

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी जे सुरू केलं, ते वसतिगृह होतं. कॉलेज निघायला त्यानंतर २३ वर्षं जावी लागली. मधल्या काळात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहिली, एका पंगतीला जेवली, आपली भांडी आपण घासली आणि शिकली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचं पुढचं वैभव त्यांना बघायला मिळालं नाही.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तेव्हाही भाऊरावांच्या मनातला क्रम हाच होता, आणि त्याही आधी सांगलीजवळच्या दुधगावात घरोघरची मूठमूठ धान्य जमवून विद्यार्थ्यांचा आश्रम चालवला गेला तेव्हाही हाच. पोरगं राहणार कुठं आणि खाणार काय हे आधी बघायचं; ते शिकणार काय हे नंतर.

माझी सगळी नोकरी सातारा-सांगली याच दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत झाली. निवृत्ती जवळ आली आहे आणि मन पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडतं. मी वेळेवर तास घेतले, पेपर वेळेवर तपासले, नॅकच्या फायली भरल्या, विद्यापीठाच्या समित्यांवर बसलो. पण माझ्यासमोर बसलेली मुलं रात्री कुठं झोपत होती आणि सकाळी काय खाऊन आली होती, यातलं मला किती ठाऊक होतं? कर्मवीरांचं नाव मी प्रत्येक २२ सप्टेंबरला भाषणात घेतलं. त्यांचा क्रम मात्र माझ्या कामात कुठंच उतरला नाही.

सातारा आणि सांगली म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस, साखर कारखाने आणि कृष्णाकाठ दिसतो. माझ्या वर्गात माण-खटावची मुलं असतात, जत, आटपाडी, कवठेमहांकाळची असतात. टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी ज्या गावात पोहोचलं तिथली मुलं आणि जिथं अजून टँकर येतो तिथली मुलं पायातल्या चपलेवरून ओळखू येतात. खानापूर-आटपाडीकडच्या काहींचे वडील गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानांवर, दूर दक्षिणेत नाहीतर उत्तरेत असतात आणि घरी आजी आणि आई. पाटण-जावळीकडच्यांचे वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी. जतच्या काही मुलांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन फडावर जातात, तेव्हा धाकट्या भावंडांकडे आणि म्हशीकडे बघायला थोरलं घरी थांबतं. ही सगळी मुलं एका बाकावर बसतात. हजेरीपटावर त्यांचा फक्त रोल नंबर असतो.

या मुलांच्या जेवणाचा एक रस्ता मी रोज बघत आलो आहे. सकाळी गावाकडून येणाऱ्या एसटीत ड्रायव्हरच्या मागं इंजिनाजवळ कापडी पिशव्या ठेवलेल्या असतात. आत ॲल्युमिनियमचा नाहीतर स्टीलचा डबा, कडीला बांधलेली चिंधी, झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव. भाकरी, शेंगांची चटणी, कधी मटकीची उसळ, शनिवारी आई उपासाला बसली तर साबुदाणा. ज्यांच्या आईला पहाटे उठून बाहेर कामाला जायचं असतं त्यांच्या डब्यात आदल्या रात्रीची भाकरी. स्टँडवर मुलं उभी असतात. कंडक्टर पिशवी हातात देतो, कालचा रिकामा डबा परत घेतो. यासाठी कोणी पावती फाडत नाही. खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी पोरांची पदवी या डब्यावर झाली आहे.

२० ऑक्टोबर २०२१ ला कोरोनानंतर कॉलेजं उघडली आणि लगेच दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्याही घरात चूल होती. पण त्या काही महिन्यांत डबे थांबले. मेसचे पैसे भरू शकत होते ते राहिले, बाकीचे गावी परतले. आमच्या अहवालात तेव्हा एवढंच नोंदलं गेलं, की विद्यार्थ्यांची उपस्थिती असमाधानकारक आहे.

उपस्थितीचं सांगतो. एका वर्षी शेवटच्या वर्षातला एक मुलगा पहिल्या तासाला नसायचा, आला तर मागं बसून पेंगायचा. उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासताना मला एका उत्तरपत्रिकेच्या कडेला पिवळे ठसे दिसले. नंतर तो सही घ्यायला आला तेव्हा त्याची नखं बघितली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात तो गोदामावर पोती भरायला जात होता, लग्नसराईत केटरिंगवाल्यांबरोबर. विचारलं तर म्हणाला, "सर, घरी पैसे मागत नाही मी. उलट आईला पाठवतो." अक्षर चांगलं होतं, उत्तरं नेटकी होती. ७५ टक्के हजेरीच्या नियमाप्रमाणे त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेण्यात आलं, आणि त्यावर वर्गशिक्षक म्हणून माझी सही आहे.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. वर्गात न येता शिक्षण होत नाही हे मला पटतं. मला छळतं ते दुसरंच. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. मुलं शेतावर राबत, खडी फोडत, बांधकामावर जात, आणि ते काम शिक्षणाचाच भाग मानलं जाई. एन. डी. पाटलांसारखी माणसं तिथं शिकवतही होती आणि या पोरांचे रेक्टर म्हणून त्यांच्यात राहतही होती. हातानं काम करणं ही तिथं मानाची गोष्ट होती. माझ्या वर्गातला मुलगाही कमवत होता आणि शिकत होता. त्याचे कष्ट त्या मुलांच्या कष्टांपेक्षा कमी नव्हते. पण तेव्हा श्रम हजेरीत धरले गेले आणि आज ते गैरहजेरीत जातात. तेव्हा पोरं टोळीनं राबत आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी ताट वाढलेलं असे. हा रात्री दोनला यार्डातून एकटा खोलीवर यायचा.

आमच्या पिढीचं एक ठरलेलं वाक्य आहे: "आम्हीही असंच शिकलो." स्टाफरूममध्ये ते मी ऐकलं आहे आणि स्वतःही म्हटलं आहे. मी बोर्डिंगचा विद्यार्थी. पहाटे उठून झाडलोट केली, विहिरीचं पाणी काढलं, सुट्टीत शेतावर कामाला गेलो, आणि याचा मला अभिमान आहे. पण आता शांतपणे आठवतो तेव्हा लक्षात येतं, की मला उपाशी झोपू दिलं गेलं नाही. वॉर्डन रात्री कंदील घेऊन फिरायचे आणि कोण आजारी आहे ते बघायचे. डाळ पातळ असायची, पण रोज असायची. माझ्या मागं एक व्यवस्था उभी होती आणि तिच्या मुळाशी कुणाचं तरी मोडलेलं सोनं होतं. आम्ही त्यातले फक्त कष्ट लक्षात ठेवले आणि वाढणारे हात विसरलो. म्हणून आजच्या पोरांकडून आम्ही कष्टांची अपेक्षा करतो आणि वाढायला मात्र कोणी पुढं येत नाही.

राहण्याच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला लहानग्या भिवाचं, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांचं, नाव दाखल झालं, तिथं ते पोर वर्गात वेगळं बसत होतं. राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, आम्हीही करतो. त्याच आठवड्यात खोली शोधणारी मुलं शहरभर फिरत असतात. दारात पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" आडनाव सांगितलं की कित्येकदा खोली कालच दिलेली असते. माझ्याच विद्यार्थ्यांनी मला हे सांगितलं आहे, आणि सांगताना मान खाली घातली आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचे पैसे मिळतात, पण ते हाती येईपर्यंत वर्षाचा बराच भाग संपलेला असतो, आणि घरमालकाला दर महिन्याला भाडं हवं असतं. या घरमालकांत प्राध्यापक आहेत, बँकेतले निवृत्त आहेत, माझे मित्र आहेत. त्यांच्याकडे चहा पिताना मी हा विषय कधी काढला नाही. काढायला हवा होता असं माझं मन सांगतं.

मुलींचं वेगळंच गणित. २०२४ मध्ये सरकारनं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, त्याआधी मार्च २०२३ पासून एसटीचं तिकीट महिलांना निम्मं झालं. दोन्ही चांगली पावलं आहेत, त्यानं पोरी शिकल्या आहेत. पण प्रवेशाच्या वेळी माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीनं फीबद्दल काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "सर, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं?" तिच्या गावची शेवटची गाडी सहाच्या आत सुटत होती. तिनं बी.एस्सी. सोडून बी.ए.ला नाव घातलं. बारावीला तिला विज्ञानात चांगले गुण होते. कागदावर ती 'स्वेच्छेनं शाखा बदलली' अशी आहे.

आणि ज्यांच्यावर आम्ही शिकवण्याचा निम्मा भार टाकला आहे ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापकही याच रांगेत आहेत. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारा मी आणि सेट-नेट होऊन तासाच्या पैशांवर राबणारा माझा तरुण सहकारी एकाच स्टाफरूममध्ये बसतो. तोही कॉट बेसिसवर राहतो, त्याचाही डबा कधीकधी गावाकडून येतो. मुलं आपल्या अडचणी मला सांगत नाहीत, त्याला सांगतात. का, हे मला कळतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, पलूस-वाळव्यातली गावं पाण्याखाली गेली, ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसं बुडाली. तेव्हा आम्ही सगळे, प्राध्यापक आणि मुलं, धान्याच्या पिशव्या उचलायला उतरलो होतो. भिजलेले दाखले पंख्याखाली वाळवून मुलांना दिले होते. काही दिवस तरी कोण कुठं राहतं, कुणाच्या घरात चूल पेटली, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणजे आपल्याला ते करता येतं. पुराशिवाय आपण ते का करत नाही, याचं उत्तर माझ्याजवळ एकच आहे: करायला कोणी सांगत नाही आणि न केल्याबद्दल कोणी विचारत नाही. मेमो येत नाही, पगार थांबत नाही. विचारणारं असतं ते फक्त आपलं मन, आणि त्याला वर्षानुवर्षं गप्प बसवता येतं.

माझ्या नोकरीतलं थोडं शिल्लक आहे, ते मी या कामाला देणार आहे. माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की येत्या जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला जवळ बसवून विचारा: कुठं राहतोस, जेवण कुठं करतोस, गावची शेवटची गाडी किती वाजता? उत्तरं वहीत लिहा आणि प्रॅक्टिकलच्या वेळा ठरवताना ती वही समोर ठेवा. आपल्या कॉलेजात 'कमवा आणि शिका'त किती जागा आहेत ते विचारा आणि वाढवून घ्या. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी ती देताना आडनाव विचारू नये. आणि आमच्यासारखे जे बोर्डिंगच्या भाकरीवर मोठे झाले आणि आज पुण्या-मुंबईत, परदेशात स्थिरावले, त्यांनी आपल्या तालुक्यातल्या एका मुलाच्या वर्षभराच्या मेसचा खर्च उचलावा. नाव नाही सांगितलं तरी चालेल.