न विचारलेले सांगावे काय?

विकणाऱ्याने घेणाऱ्याला किती सांगावे, हा प्रश्न फार जुना आहे. सिसरोने इ. स. पूर्व 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने तो एका धान्यव्यापाऱ्याच्या उदाहरणाने मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. आलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून आपले धान्य चढ्या भावाने विकावे? बाबिलोनचा डायोजेनीस (पिंपात राहणारा तो हा नव्हे) म्हणे, कायद्याने जेवढे सांगणे भाग आहे तेवढे सांगितले व खोटे बोलला नाही, म्हणजे झाले. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, सर्व सांगितले पाहिजे. सिसरोने शिष्याची बाजू घेतली.

हाच वाद आज अमेरिकेत एका भलत्याच बाजारात चालू आहे. तो बाजार मुलांच्या जुन्या चित्रकथांचा. आपल्यापैकी पुष्कळांनी वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स वाचली असतील. तशीच ही पातळ, पिना मारलेली, हलक्या कागदावरची पुस्तके. 1938 साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा अंकाची किंमत 10 सेंट होती. त्याची एक प्रत एप्रिल 2024 मध्ये लिलावात 60 लाख डॉलरला गेली. मुलांनी हाताळून फाडलेल्या आणि महायुद्धाच्या काळात रद्दीत गेलेल्या अंकांतून ज्या थोड्या प्रती वाचल्या, त्यांना हे मोल आले आहे.

मोल ठरते ते प्रतीच्या स्थितीवर. सीजीसी नावाची संस्था 2000 सालापासून अशा अंकांची तपासणी करून 0.5 ते 10 पर्यंत गुण देते, अंक कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बंद करते आणि वर गुणांची चिठ्ठी लावते. (पेटी उघडून अंक वाचावयास घेतला की गुणांची हमी संपली! म्हणजे हे पुस्तक पुन्हा कोणी वाचावयाचे नाही.) दशांशाच्या फरकाने काय होते ते पाहा. स्पायडरमॅनची पहिली कथा असलेला 1962 सालचा अंक घ्या. त्याची 9.6 गुणांची एक प्रत 2011 साली 11 लाख डॉलरला विकली गेली. पुढे पाच वर्षांनी, 2016 साली, 9.4 गुणांची प्रत साडेचार लाखांच्या आसपास थांबली. 2021 साली 9.6 गुणांची प्रत 36 लाखांवर गेली.

एवढे पैसे दोन दशांशांवर अवलंबून असले की ते दशांश मिळविण्याची कलाही निघतेच. अंकाला थोडा दमटपणा देतात, पानांमध्ये विशिष्ट कागद घालतात आणि छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटविण्यासाठी वापरतात तशा तापणाऱ्या दाबयंत्रात ठेवून, दाबाखालीच निवू देतात. वळ्या, पोचे, दुमडलेले कोपरे सपाट होतात. जेथे शाई तडकून पांढरी रेघ उमटली आहे, ती घडी मात्र जात नाही. काम बिघडले तर अंकाचा कणा सरकतो. चांगले झाले तर गुण वाढतात. पेटीतला अंक बाहेर काढून, दाबून, पुन्हा तपासणीस पाठविण्याचा प्रघातही आहे. जुनी चिठ्ठी फेकून दिली की त्या अंकाला काल काय गुण होते हे नव्या चिठ्ठीवरून कळत नाही.

कोणी रंग भरला असेल, तर ती संस्था त्याला दुरुस्ती मानून जांभळी चिठ्ठी लावते, आणि किंमत कोसळते. दाबण्याला मात्र ती दुरुस्ती मानीत नाही. तिच्या मूळ समूहाने 2012 साली दाबण्याचे व दुरुस्तीचे काम करणारी एक कंपनीच विकत घेतली. एकाच घरात इस्त्रीही आणि कपड्यांची परीक्षाही! यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण न्यायनिवाड्यासाठी त्या घराच्या नियमाकडे पाहणे आम्हांला पुरेसे वाटत नाही.

दाबण्याच्या बाजूने जे सांगतात ते टाकाऊ नाही. कागदातून काही काढले नाही, त्यात काही घातले नाही. रविवारी उपासनेस जाताना आपण सदऱ्याला इस्त्री करतो, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. हे आम्हांला मान्य आहे, आणि दाबणे हे स्वतः वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण इस्त्रीचा सदरा पाहून तो कधी चुरगळलाच नव्हता असे कोणी समजत नाही. साठ वर्षांचा सपाट अंक पाहून मात्र पुष्कळ लोक तसे समजतात, आणि त्या समजुतीचेच पैसे मोजतात. इतकी वर्षे कोणा मुलाच्या उशीखाली, कोणा आईच्या आवराआवरीत हा अंक न दुमडता टिकला, या आश्चर्याची ती किंमत असते.

काही संग्राहक म्हणतात, आम्हांला दाबण्याचे काही वाटत नाही, अंक आज कसा आहे ते पुरे. ठीक आहे. मग विकणाऱ्याने सांगून टाकण्यात त्याचे काय जाते? घेणाऱ्याला खरोखर फरक पडत नसेल, तर सांगितल्याने दमडीही कमी होणार नाही. आणि सांगितल्याने भाव उतरत असेल, तर फरक पडतो हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, आणि तो गप्प आहे तो त्याचसाठी. सिसरोनेही हाच भेद केला होता: नुसते न बोलणे वेगळे, आणि ज्याला कळणे हिताचे आहे त्याला आपल्या लाभासाठी अंधारात ठेवणे वेगळे. ‘तुम्ही विचारलेच नाही’ ही सबब शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली असेल.

येथे एक अडचण ऱ्होड्सच्या व्यापाऱ्यापेक्षा मोठी आहे. त्याची गलबते दोन दिवसांनी बंदरात दिसणारच होती. कुशलतेने दाबलेला अंक मात्र दाबला आहे की नाही, हे तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. जे तपासता येत नाही त्याची चिठ्ठी कोण लावणार? तेव्हा ज्याने दाबला किंवा दाबून घेतला, तोच एक साक्षीदार उरतो. उघडकीस येणार नाही म्हणून त्याची जबाबदारी हलकी होते असे बाजार समजतो. आम्हांला ती वाढते असे दिसते. रंग भरणारा गप्प राहिला तरी भिंगाखाली सापडतो, याचे शब्द सोडून दुसरे काहीच नाही.

प्रामाणिक माणसाचे यात नुकसान होते, हे खरे आहे. शेजारचा गप्प राहून जास्त गुणांच्या भावाने विकतो आणि हा सांगून कमी घेतो. त्यावर उपाय आम्हांजवळ नाही. तिसऱ्या-चौथ्या हातून अंक घेतलेल्याला तर पूर्वी काय झाले हे माहीतच नसते. त्याने अंदाजाने ‘अस्पर्शित’ असे जाहिरातीत लिहू नये. ‘मी दाबलेला नाही, पूर्वीचे मला ठाऊक नाही’ एवढे दोन वाक्यांत लिहावे, आणि पेटीबरोबर जुन्या चिठ्ठ्या आल्या असतील तर त्याही घेणाऱ्याच्या हाती द्याव्यात.