प्रौढ अंधाने तबला शिकावा काय?

कोरेगावासारख्या गावी चाळिशीतला अंध मनुष्य तबला शिकू म्हणेल, तर लोक विचारतील, "आता कशाला?" परंतु बंधुजनहो, ही विद्या मुळी कानाची. बोल आधी मुखाने म्हणावयाचे, मग हाताने काढावयाचे. चाट व शाई बोटांस स्पर्शानेच कळतात. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांची दृष्टी बालपणी फटाक्याने अधू झाली. तरी मिरजेस गायन शिकून त्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. प्रौढाची बोटे ताठर, त्यास वर्षे अधिक लागतील, हे खरे. पण खरी अडचण आमचीच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत त्याची सम चुकली, तरी आम्ही दयेने "वाहवा" म्हणतो, आणि त्याचे शिकणे तेथेच थांबते. डोळस शिष्यास जेथे टोकावे, तेथे त्यासही टोकावे. भजनास त्याने बसावे की नाही, हे मंडळीने ताल ऐकून ठरवावे.